चुलीवरच्या माळ्यावरचं विमान

नातीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मी पोशीरच्या आमच्या पडवीत जाऊन पोचले. तिथे बसून दादा हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडायचा, पंखांवर कागद ताणून चिकटवायचा आणि त्यावर असाच वास येणारं रोगण फिरवायचा. रिमोटवर उडणारं विमान करत होता तो.

पावसाळ्यात दादा मोहोपाड्याला, कारखान्याजवळच्या खोलीवर राही. विमानाला ओल लागू नये म्हणून आईने ते चुलीवरच्या माळ्यावर, बियाण्याच्या भाताशेजारी ठेवलं. कापणी झाल्यावर दादा आला तेव्हा तिने ते कौतुकाने खाली काढलं. "बघ रं, जराबी ओल नाय लागली."

धगीने डावा पंख पार पिळवटला होता. दादाने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरं केलंस, आई."

मोकळ्या शेतात विमान उठलं, कलंडलं आणि धसकटांत आपटलं. "वारा आडवा हाय," दादा आईला म्हणाला. आईने शेवटपर्यंत त्या वाऱ्याला शिव्या दिल्या.

ती गेल्यावर दादाने ते विमान पुन्हा जोडलं. सगळं नवं केलं, पंखाचा पीळ तेवढा तसाच ठेवला.

"असं कसं उडेल रं हे?" मी विचारलं.

विमान कपाटावर ठेवत तो म्हणाला, "वारा आडवा हाय गं अजून."