हवा कमी, पकड जास्त

गाडी फिरली. मी फिरवली नाही, आईशप्पथ, ती आपली आपण फिरली. मी स्टिअरिंग इकडे ओढतेय, गाडी तिकडे चाललीये, काचेतून आधी रस्ता दिसला, मग डोंगर, मग ओमानातल्या ज्या रुस्ताक गावाहून निघाले तेच रुस्ताक परत समोर, आणि मी नुसती बोंबलतेय. अशा वेळी म्हणे माणूस देवाचं नाव घेतं. माझ्या तोंडून निघालं, "शुवय शुवय!" म्हणजे हळू हळू. मला गाडी शिकवणारी ओमानी बाई शेजारी बसून रोज हेच ओरडायची. कुलदैवत राहिलं गावाला, काळ्या पायघोळ अबायातली मास्तरीण धावून आली.

मग मागचं डावं चाक दुभाजकाच्या कट्ट्याला धाडकन आपटलं आणि गाडी थांबली. उलट्या तोंडाने. पाऊस पडतोय, वायपर आपले खटाक खटाक चालू, जसं काही झालंच नाही. मागच्या सीटवर माझी दोन वर्षांची पोरगी बांधलेली. मला वळून बघायचीच छाती होईना. शेवटी बघितलं तर बया टाळ्या वाजवतेय.

"मम्मी, अगेन!"

एक म्हातारा ओमानी पिकअप थांबवून आला, पांढरा दिश्दाशा, म्हणजे त्यांचा लांब झगा, पोटऱ्यांपर्यंत वर धरलेला. आधी पोरीला बघितलं, मग मला, मग टायरला पायाने दाबलं. टायर पुरीसारखा आत गेला. "हवा खलास," म्हणाला. चारही टायर दाबून बघितले, चारही तसेच. मग हिंदीत विचारलं, "किसने निकाला?"

मी म्हटलं, "मेरा हसबंड."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जसं घरात कुणी आजारी आहे. पिकअपमधून पंप काढला, भर पावसात चारही टायर भरून दिले आणि जाताना म्हणाला, "इन्शाल्ला, ठीक हो जाएगा." टायरबद्दल म्हणाला का नवऱ्याबद्दल, मी विचारलं नाही.

आता नवऱ्याचं सांगते. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, म्हणून यांना जगातली प्रत्येक वस्तू कळते. त्या थंडीच्या सुरुवातीला ऑफिसातले ओमानी लोक यांना वाळवंटात घेऊन गेले. तिथे वाळूत जायच्या आधी टायरची हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. ते अगदी खरं. पण हे घरी आले ते बुद्धाला झाडाखाली झालं तसं काहीतरी होऊन आले. "ऐक, हवा कमी, पकड जास्त. वाळूत चालतं तर ओल्या रस्त्यावर का नाही चालणार? चिखलात आपण पायाची बोटं पसरतो ना, तसं." आणि डिसेंबरात ढग दिसले की हे चावीचं टोक घेऊन उकिडवे बसणार आणि फुस्स करणार. मी आठवी शिकलेली, हे आयटीआय केलेले. म्हटलं असेल बाबा.

ते जाऊ दे. मला भीती वेगळीच होती. रुस्ताकला माझी ताई. तिला नववा लागलेला, भावोजी तेलाच्या कॅम्पवर, वाळवंटात आत, महिना महिना येत नाहीत. आजूबाजूला मराठी माणूस नाही, अरबी तिला येत नाही, आणि हिंदी बोलते ती हिंदीवाल्यांनाही कळत नाही. कळा सुरू झाल्या की मीच जायचं असं ठरलेलं. मी राहते मस्कतच्या अल मवालेहला, म्हणजे चांगला तासा-दीड तासाचा रस्ता. लायसन्स मला चौथ्या वेळेला मिळालं, तीनदा परीक्षेत रांगेने ठेवलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घेताना ड्रम पाडले. तरी दर गुरुवारी जाऊन ताईला बघून यायचे. आता यांना कळलं की गाडी फिरली, पोरगी आत होती, तर चावी गेली. ओरडणार नाहीत हो. घाबरतील. घाबरले की हे वस्तू खिशात घालतात. मग मी बसले मवालेहला आणि ताई तिकडे रुस्ताकला.

म्हणून सांगितलं नाही. गाडीची डावी बाजू भिंतीला चिकटवून लावली, म्हणजे रिमवरचा घाव दिसायला नको. एवढी चिकटवली की ड्रायव्हरचं दार उघडेना, शेजारच्या सीटवरून गुडघे दुमडून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी हे टायर दाबतात. "एवढी हवा कुणी भरली?"

"उन्हाने फुगले असतील."

"डिसेंबरात?"

"मग थंडीने."

यांनी मान हलवली, चावी काढली, फुस्स. म्हाताऱ्याची सगळी मेहनत मस्कतच्या हवेत.

आता काय करायचं? मी आठवडाभर विचार केला, मधला गुरुवार नशिबाने कोरडा गेला, आणि शुक्रवारी म्हटलं, "अहो, टायर बदलूया. पावसाचे दिवस आहेत, पोरगी असते गाडीत." यात खोटं काहीच नव्हतं. यांना काय, खरेदी म्हटलं की उड्या.

टायरचं दुकान दापोलीकडच्या एका चाचांचं होतं. तीस वर्षं ओमानात, तरी मला बघून पहिला प्रश्न, "काय गो बाय, गाव कुठलं?" चिपळूणजवळचं म्हटल्यावर चहा आला. हे मात्र आधीच आत घुसलेले, आणि एका कोपऱ्यातून ओरडतायत, "हा! हाच!" जाऊन बघते तर काळाभोर चकचकीत टायर, ठोकळे ठोकळे नक्षी, आणि बाजूला डोंगराचं चित्र, त्यात बर्फाचं फूल.

"बर्फात चालतो," हे म्हणाले. "म्हणजे पाऊस तर याच्यापुढे काहीच नाही."

चाचा म्हणाले, "साहेब, इथं बर्फ सरबतात मिळतो. हा कुणीतरी विलायतेतून आणला, माझ्या गळ्यात मारला. मऊ रबर असतो त्याचा. इथल्या थंडीत कसाबसा चालेल. एप्रिल-मेच्या रस्त्यावर गुळाच्या ढेपेसारखा विरघळेल."

"मग उन्हाळ्याचा देता?"

"माझ्याकडचा जो आहे त्याच्या खाचा उथळ, पावसात घसरतो जरा. तुम्हाला बारमाही पायजे. ऊन पण खाईल, पाणी पण तोडेल." चाचांनी एक टायर उभा केला आणि माझं बोट धरून त्याच्या खाचेत घातलं. "हे बघ बाय. पाणी हितनं बाहेर जायला पायजे. पाणी टायरखाली राह्यलं की गाडी होडी. होडीला ब्रेक असतो काय?"

मला माहीत होतं होडी कशी असते.

हे अजून त्या बर्फवाल्याला सोडेनात, नवाकोरा आहे म्हणे. चाचा हसत होते. मला म्हणाले, "बाय, तू वाच. त्या बाजूला अंडं काढल्यासारखं आहे, त्यात आकडे." इंग्रजी मला झेपत नाही, पण आकडे आकडेच असतात. चार आकडे. चाचांनी सांगितलं, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मी वाचलं, बोटांवर मोजलं, आणि म्हटलं, "अहो, आपल्या लग्नाच्या आधीचा आहे हा."

"मग?" हे म्हणाले. "लग्नाच्या आधीचं सगळं चांगलंच असतं."

चाचा एवढे हसले की त्यांना खोकला लागला. रबर म्हातारा होतो, वरून कितीही चकचकीत दिसला तरी आतून चिरतो, हे त्यांनी यांना समजावलं आणि यांनी ते दोन मिनिटांत परत मला समजावलं, जणू यांचाच शोध. बारमाही चार टायर मीच निवडले, चालू वर्षीचे, आकडे चारही वेळा वाचून.

मग जुनी चाकं उतरली. चाचांनी एक फिरवून बघितलं. "दोन्ही कडा खाल्ल्यात, मधला भाग कोरा. हवा कमी ठेवून चालवली कुणीतरी." आणि त्यांचा अंगठा रिमच्या त्या घावावर येऊन थांबला. "हे कुठं लागलं?"

पोरगी माझ्या कडेवरून चाकाकडे बोट दाखवून ओरडली, "मम्मी, गोल गोल! अगेन!"

"मॉलमधलं चक्र आठवतंय तिला," हे म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग चाक उचललं आणि घाव भिंतीकडे करून ठेवलं. यांना एवढंच म्हणाले, "साहेब, हवा वाळूत काढायची. रस्त्यावर कंपनीने लिहिली तेवढीच ठेवायची. घरात लहान पोर आहे."

हे जरा ओशाळले. मग लगेच, "पण इतके दिवस काही झालं तर नाही ना? म्हणजे माझंही अगदीच चुकीचं नव्हतं."

वाक्य माझ्या जिभेवर आलेलं. पण ताईचा नववा समोर आला आणि मी गिळलं.

पुढचा गुरुवार पावसाचाच होता. गेले आणि आले. नवे टायर रस्त्याला असे धरून होते, जसं पोर आईच्या पदराला. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर चारच दिवसांनी. मी भाकऱ्या थापतेय, हे फोनवर. खाबुऱ्याला यांच्या गावचा एक मित्र राहतो, त्याने नवीनच गाडी घेतलेली, घरी बायको आणि दोन पोरं. पावसात गाडी जरा सरकते म्हणत होता, आवाज स्पीकरवर. आणि आमचे हे म्हणतात, "अरे, टायर बदलायची काय गरज? हवा काढ थोडी. दुकानदार काहीही सांगतात. आम्ही अख्खा डिसेंबर तसाच काढला, केसालाही धक्का नाही."

माझे हात पिठात. चावी खिळ्याला टांगलेली, मला समोर दिसतेय. ताईला डॉक्टरने त्याच आठवड्यातली तारीख दिलेली.

मी पिठाच्या हाताने फोन ओढला. "भावोजी, यांचं ऐकू नका. मी रुस्ताकच्या रस्त्यावर गोल फिरले. पोरगी मागे होती. हवा पूर्ण भरा."

तव्यावर भाकरी जळतेय. यांनी पोरीला उचललं, तिचे हातपाय एकेक करून तपासले, पंधरा-वीस दिवसांनी! खिळ्यावरची चावी काढली आणि शर्टाच्या खिशात घातली.

ताईला तिसऱ्या दिवशी सकाळी कळा आल्या. हे ड्युटीवर, चावी यांच्या खिशात, फोन लागेना. ताई शेजारच्या ओमानी बाईच्या गाडीतून हॉस्पिटलला गेली, एकटीच, शब्द न कळता. मुलगा झाला, दोघं ठणठणीत. पण हे ड्युटीवरून आल्यावर निघून मी पोचले तेव्हा संध्याकाळ झालेली, आणि ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू येणार होतीस ना गं."

चावी मला महिन्याने मिळाली. खाबुऱ्याचे ते भावोजी अजून भेटले की हात जोडतात. आणि मला मेलीला नंतर सुचलं की फोन ठेवू द्यायचा होता, मागाहून त्यांच्या बायकोला गुपचूप कळवायचं होतं, चावीही राहिली असती. पण मधल्या वेळात त्यांनी हवा काढून पोरं गाडीत घातली असती तर? हात पिठात, चावी समोर, तिकडे दोन पोरं आणि इकडे ताई. तुम्ही असता तर काय केलं असतं?