गुडघ्यातली अक्कल

माझी अक्कल गुडघ्यात आहे, असं वडील, म्हणजे अण्णा, मी शाळेत असल्यापासून म्हणत आले. पुढं मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गुडघ्यांवरच नोकरी धरली, तेव्हा आमच्या बेंबळी गावात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

काम सांगायला सोपं आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती एकदा झिजली की आपोआप भरून येत नाही. म्हणून हाडातल्या मगजातून मूलपेशी काढायच्या, वाढवायच्या आणि झिजल्या जागी सोडायच्या. पण सुजलेल्या गुडघ्यात त्या तग धरत नाहीत, बहुतेक मरतात. त्या जगाव्यात आणि तिथं गेल्यावर कामाला लागाव्यात, म्हणून सोडण्याआधी त्यांना तयार करायचं, एवढंच मी आठ वर्षं करतेय.

गेल्या मे महिन्यात गावी गेले, तर अण्णा ओसरीवर ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडत बसले होते. बियाणं घरचं, त्यामुळं पेरण्याआधी किती उगवतंय ते बघायचं. त्यांनी सहज विचारलं, "तू तिकडं नेमकं काय करतीस गं?" मी वरचं सगळं सांगितलं, जरा भाव खातच.

"म्हंजे बीजप्रक्रिया," अण्णा म्हणाले. पेरण्याआधी बियाण्याला औषध चोळतात, ती. माझी आठ वर्षं त्यांनी एका शब्दात गुंडाळली. शब्द बरोबर होता, याचा मला जास्त राग आला.

"आन उगवण किती?"

"चांगली आहे, पण अजून सगळीकडं सारखी..."

"सत्तरच्या खाली आली तर आमी पेरत न्हाय. माणसात पेरलंय का?"

"नाही. शेळ्यांत."

हे ऐकून आई भिंत धरत धरत स्वयंपाकघरातून दाराशी आली. शेळ्या हा तिचा विषय. शेळी बरी झाली का, तिनं विचारलं. झाली, मी म्हणाले. मग आता कुठं आहे? इथं माझी गोची झाली. कूर्चा भरली का ते नीट बघायचं, तर सांधा कापूनच बघावा लागतो.

"म्हंजे गुडघा बरा झालाय का बघायला शेळीच मारायलाव?"

"आन मटणाचं काय करताव?" अण्णांनी विचारलं.

"जाळतात."

अण्णांनी हातातला दाणा खाली ठेवला. मूलपेशी मरतात हे ऐकून त्यांना एवढं दुःख झालं नव्हतं.

आई पदर तोंडाला लावून हसली आणि मग म्हणाली, "मंग माझा लंबर कवा?"

तिचे गुडघे पार झिजलेले. धाराशिवच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांधे बदलायला सांगितलं होतं आणि ती नको म्हणाली होती. घाबरली असेल, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी कळलं, की तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं, माझी पोरगी गुडघ्याचंच औषध काढायलीय, तवर थांबते. गल्लीतल्या आणखी चार बायकांनाही तिनं थांबवून ठेवलं होतं आणि लंबर वाटून दिले होते. पहिला अर्थातच स्वतःचा.

खरं सांगते, आधी मला अभिमानच वाटला. मग फोन आठवले. दर फोनवर "जवळ आलंय गं" म्हणणारी मीच होते. माझ्या एका थापेवर ही बाई तीन वर्षं कळा सोसत शेळ्यांमागं हिंडत होती.

"आई, माझं औषध तुला मिळायचं नाही," मी म्हणाले. "तुझ्या वेळेत ते होणार नाही. ऑपरेशन करून घे."

ती माघारी वळली. आत जाऊन भाकरी थापायला लागली. मी तिच्यामागं जायला हवं होतं, पण धीर झाला नाही. जेवताना ती अण्णांना म्हणाली, "त्या डॉक्टरला तारीख इचारा." मला वाटलं, सुटले.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवले. दोन्ही गुडघे एकदमच करून टाकू म्हणाले, पुन्हा पुन्हा त्रास नको. मी लगेच हो म्हणून मोकळी झाले.

"एकच करा," आई म्हणाली.

"मावशी, मग डावा करू, तोच जास्त खराब आहे. पण उजवा तसाच ठेवून कसं चालेल?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी चपलांकडं बघत राहिले.

"उजवा करा," आई म्हणाली. "डावा ऱ्हाऊ द्या. तो पोरीला लागतोय."