चमच्याची मूठ

जुन्या बाजारात एकाने चादरीवर विलायती काटे-चमचे मांडले होते. एकाच्या दांड्यावर माकड, दुसऱ्याच्या दांड्याचा मासाच केलेला. काय एकेक हौस! एका चमच्याच्या दांड्याला तर शेवटी माणसाची इवलीशी मूठ होती.

"राणीच्या काळातला आहे, ताई. धरून तर बघा," विकणारा म्हणाला.

धरला. ती गार बोटं माझ्या तळव्यात अलगद बसली आणि बाबा आठवले.

बाबांना चमच्याचा राग. "हाताला कळल्याशिवाय जिभेला कळत नाही," म्हणायचे. मग अर्धांगवायूने त्यांचा उजवा हातच गेला. डाव्या हाताने ते जेवेनात. मी चमच्याने दहीभात भरवायला लागले की तोंड फिरवायचे. एकदा जड जिभेने म्हणाले, "हाताने भरव ना गं."

मला ऑफिसची घाई. "आता कुठे हात खरकटा करू, बाबा?"

त्यानंतर चमचा दिसला की ते मुकाट्याने आ करायचे. अगदी शेवटपर्यंत.

कुठल्या तरी परक्या कारागिराला वाटलं होतं, चमच्यालाही हात असावा. मला तर दोन होते.