डाव्या हाताचा नारळ

माझ्या आईला व्यंगचित्रं फार आवडायची, फक्त ती दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीनं काढलेली असायला हवी होती. शेजारणीला पेपर दाखवून खो खो हसायची आणि मग खाली माझं नाव दिसलं की पेपर घडी करून उशीखाली ठेवायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वडील गेल्यावर आम्ही दोघी खांदा कॉलनीत राहायला आलो. मी जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, तीही टेम्पररी. एप्रिलमध्ये नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा हात जोडून उभं राहायचं. त्या वर्षी मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी कानात सांगितलं होतं, ‘तुमची कायमची ऑर्डर टाईप झालीय, अध्यक्षांची सही तेवढी व्हायचीय.’ आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. वडिलांच्या पेन्शनमध्ये आमचं कसंबसं भागत होतं, त्यामुळे ती सही म्हणजे तिच्यासाठी घराचं छप्पर होतं.

आता हे अध्यक्ष म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. शाळा त्यांची, कॉलनीतल्या रस्त्यांची कंत्राटं त्यांच्या भाच्याची. आणि रस्ते कसे, तर आज डांबर, उद्या खोदकाम. मी एका स्थानिक साप्ताहिकात दर आठवड्याला चित्र द्यायचे. त्यात एकदा काढलं, की रस्त्यातल्या खड्ड्यात एक माणूस अडकलाय आणि वरून अध्यक्ष त्याला सांगतायत, ‘थांबा, आता याचंही उद्घाटन करू.’ झालं. पुढच्या आठवड्यात संपादककाकांच्या जाहिराती बंद.

संपादक, मुद्रक, वार्ताहर सगळं हे काकाच. बाजारामागच्या गाळ्यात त्यांचा छापखाना होता. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, हातानं जुळवून मजकूर लागायचा, पण चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक मुंबईहून करून आणावा लागायचा. काका खाली बघत म्हणाले, ‘बाई, ब्लॉकचा खर्च आता झेपायचा नाही.’ मला काय कळत नव्हतं होय? माझ्या डोक्यात सणक गेली. कुणाच्या तरी भाच्यासाठी मी हात बांधून बसू?

घरी आले ते थेट मोरीत. माझी जुनी रबरी स्लिपर उचलली, घासून धुतली, पट्टे काढले आणि दाढीच्या अर्ध्या ब्लेडनं तिच्या तळात चित्र कोरायला बसले. नाजूक रेघ त्यात टिकेना, रबराचे कपचे उडायचे. मग नाजूक रेघा दिल्या सोडून. जाड, ठसठशीत, काळ्याकुट्ट रेघा. काकांनी तो तळ लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवला, खिळ्यांच्या उंचीला आणला, शाई लावली आणि छापून बघितलं. ‘च्यायला,’ म्हणाले, ‘हे तर जस्तापेक्षा जोरात बोलतंय.’ त्यांनाही हुरूप आला. त्यानंतर आमच्या घरातल्या स्लिपरा एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या. आई ओरडायची, ‘माझ्या चपलांना हात लावलास तर बघ. ती सही होऊ दे, मग काय ते दिवे लाव.’

मे महिन्यात कॉलनीत नव्या पाइपलाइनचं उद्घाटन झालं. मांडव, हार, लाउडस्पीकर. अध्यक्षांनी नळापाशी नारळ फोडला आणि नळ सोडला. नळानं फुस्स केलं, दोन माश्या बाहेर आल्या आणि संपलं. अध्यक्ष हसतहसत मोटारीत बसून गेले. मी त्याच दिवशी चित्र कोरलं: कोरडा नळ, अध्यक्ष नारळ फोडतायत आणि कॉलनीतल्या सगळ्या बायका हंडे-कळश्या घेऊन त्या नारळाचं पाणी धरायला झोंबतायत. घाईत एक गोष्ट डोक्यातून गेली. कोरलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं. मी अध्यक्षांच्या उजव्या हातात नारळ कोरला होता. छापून आला तो डाव्या हातात.

शुभकार्याचा नारळ आणि डावा हात! पनवेलभर तेवढंच. किराणावाला म्हणाला, ‘तरीच म्हटलं, पाणी का येईना.’ रोडपालीहून सुकट विकायला येणारी मावशी टोपली उतरवून माझ्याकडे बघत राहिली. ‘बाय, त्यो चितार तूच काडलास ना? आमच्या गावातबी नल हाय, पानी नाय. त्याचाबी काड.’ आणि तिनं मापावर मूठभर सुकट जास्त घातली.

अध्यक्षांनी मला बोलावलं. टेबलावर माझी टाईप केलेली ऑर्डर ठेवलेली, मला दिसेल अशी. चहा मागवला. मला वाटलं होतं, नळावरून बोलतील. छे. माणूस खरोखर दुखावला होता, पण भलत्याच गोष्टीनं.

‘बाई, पाण्याचं एक वेळ समजू शकतो. पण मी डाव्या हातानं नारळ फोडतो? माझ्या घरी देवधर्म आहे. माझी बायको दोन दिवस जेवली नाही.’

‘साहेब, ते छपाईत उलटं झालं.’

‘मग तसं छापा. चूक मान्य करा, पुन्हा चित्र काढणार नाही असंही लिहा. मी इथेच सही करतो.’ त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

खोटं कशाला बोलू, मी त्या कागदाकडे बघितलं. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण मांडवात तासभर रिकामे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकाही आल्या, त्यात आई होती. मी म्हटलं, ‘चूक मान्य करते. खुलासा या आठवड्यात येईल.’ आणि चहा तसाच ठेवून उठले.

खुलासा आला, पहिल्या पानावर, चौकटीत: ‘गेल्या अंकातील चित्रात अध्यक्षमहोदय डाव्या हाताने नारळ फोडताना दिसतात. ही आमची चूक आहे. नारळ त्यांनी उजव्याच हाताने फोडला होता. पाणी तरीही आलेले नाही.’ काकांनी त्यातला एक शब्द बदलला नाही. म्हणाले, ‘जाहिराती तशाही गेल्यातच.’

जूनमध्ये शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या नजरेला नजर न देता सांगितलं की चित्रकलेचा तास यंदापासून पी.टी.चे सर घेणार आहेत. मुलांकडून बहुधा रांगेत उभं राहून चित्रं काढून घेणार होते. घरी येईपर्यंत मी रडले नाही. घरी आल्यावर मात्र रागानं, हमसून हमसून रडले.

आई तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून उठली, मोरीत गेली. तांब्यानं पाणी ओतल्याचा, मग ब्रशनं घासल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिच्या स्वतःच्या स्लिपरा होत्या, पदरानं पुसलेल्या. त्या तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या.

‘यांचा तळ जाड आहे,’ ती म्हणाली. ‘आणि या वेळी उजवा हात उजवाच येऊ दे. मेल्याला बोलायला जागा नको.’