मागच्या जहाजाचा पत्ता

साखर कारखान्याच्या मळीचा वास वाऱ्यावर आला की मला माझी साफसफाई आठवते. तिथल्या ऑफिसात मी कॉम्प्युटरतज्ज्ञ, कारण प्रिंटरला न घाबरणारा मी एकटाच. एका दुपारी मेलमधली पत्त्यांची यादी फार लांबली म्हणून आवरायला घेतली आणि सगळीच पुसून बसलो. त्याच आठवड्यात शेजारच्या अण्णांनी अंथरूण धरलं. त्यांचा मुलगा जहाजावर. तिथे फोन लागत नसे, घरचे निरोप माझ्याच मेलवरून जायचे. मी जुनी बॅकअप फाईल हुडकली, पत्ते परत आणले, मेल धाडला आणि त्या आनंदात ऑफिसभर चहा पाजला. "भाऊ, पोऱ्या येई ऱ्हायना ना?" पोरगा येतोय ना, असं अण्णांच्या बायकोनं, वहिनींनी विचारलं. "येई ऱ्हायना," मी ऐटीत सांगितलं. अण्णा दोन दिवस दाराकडे बघत राहिले आणि गेले. तिसऱ्या दिवशी जहाजावरून उत्तर आलं, तो मुलगा वर्षापूर्वीच इथून उतरून दुसऱ्या जहाजावर गेला. माझी बॅकअप फाईल त्याहून जुनी होती. वहिनींनी मला कधीच बोल लावला नाही. आजही दारातून हाक मारतात, "भाऊ, चहा पी जा." म्हणून मी लांबच्या रस्त्याने घरी जातो.