कट्ट्यावरचं भांडण

फोन कानाला नीट लाव सुमे, आणि आधी बोलणी खा. आईची आठवण येत नाही होय गं?

काल फुटबॉलची मॅच हरून आपली पेठ तालमीच्या कट्ट्यावर बसली होती. घराच्या वाटणीपासून अबोला धरलेले तुझे भाऊ दोन टोकांना.

थोरला म्हणाला, "नवा कोच बरोबर शिकवतोय. चेंडू आपल्याच पायात ठेवायचा, पास देत राहायचं."

धाकटा हवेत बघून म्हणाला, "पास देत देत आपल्याच गोलकीपरकडं? गोल काय तिकडं मारायचाय?"

"तुला काय कळतंय रे, गाढवा!" थोरला थेट त्याच्याकडं वळला.

भाजीची पिशवी घेऊन तिथनं जाताना मी थबकलेच. किती दिवसांनी बोलला गं त्याच्याशी! हायसं वाटलं. त्या चेंडूसारखं बोलणंही मागं का जाईना, आपल्याच माणसांत फिरत राहावं.

रविवारी दोघं जेवायला येतायत, भांडण पुरं करायला. तूही ये.