तारागोनाचा खडा आणि खारट तीर्थ

शनिवार, ७ जून. सकाळ. लंडनमधल्या स्टॅनमोरचं आमचं स्वयंपाकघर. हजर: मी, नवरा मंदार, लेक ईशा आणि सासूबाई, म्हणजे आई.

मी असल्या गोष्टी मानणारी नाही. कधीच नव्हते... आणि आता मानायचं म्हटलं तरी तेवढी ताकद उरलेली नाही.

हिवाळ्यातल्या आजारपणात आईंच्या तोंडाची चव गेली ती गेलीच. वरण, लोणचं, टोस्ट, सगळं त्यांना ओल्या पुठ्ठ्यासारखं लागायचं. वजन उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, काहीही करून खायला घाला. मी वाढायचे, त्या ताट सरकवायच्या. ऑफिस, औषधं, ताट — संपला दिवस.

ईस्टरच्या सुट्टीत हवापालट म्हणून त्यांना स्पेनला, तारागोनाला नेलं. तिथे अगदी समुद्राला लागून रोमन लोकांचं जुनं प्रेक्षागार आहे. त्याच्याखालच्या वाळूत आईंना एक पांढरा चौकोनी खडा सापडला. रुमालात बांधून आणला आणि थेट देवघरात ठेवला. रोज देवांबरोबर त्यालाही आंघोळ.

त्या शनिवारी आईंनी तीर्थ घेतलं आणि थांबल्या.

"खारट आहे गं."

कित्येक महिन्यांनी त्यांना कशाची तरी चव लागली होती! मी घेतलं. खारटच. मंदारला आणि ईशालाही तसंच लागलं.

मग मी खडा उकळला, दोनदा. ताम्हन बदललं, फिल्टरचं पाणी घेतलं. नुसता पाण्यात ठेवला तर काही नाही. पूजेत ठेवला की तीर्थ खारट. एक दिवस खड्याशिवाय पूजा केली — पाणी साधं. त्या दिवशी आईंनी पुन्हा ताट सरकवलं. एरवी तीर्थ घेतलं की वरणभात जातो. परवा तर मिरचीचा ठेचा मागितला.

ईशा मँचेस्टरला इतिहास शिकते. खडा उजेडात धरून म्हणाली, हा रोमन फरशीच्या नक्षीतला तुकडा आहे. "आजी, हे तिकडचं आहे. आपण नाही कीप करू शकत."

"इतकी वर्षं लोकांच्या पायाखाली होता गं," आई म्हणाल्या. "आता जरा देवांशेजारी बसू दे की."

ईशाचं बरोबर आहे. मी तिथल्या म्युझियमचा पत्ता काढला, जाड पाकीट आणलं, तिकिटं लावली. खारटपणाचं कारण मात्र अजून सापडलेलं नाही, आणि शोधणं मी सोडलंय.

पाकीट दाराजवळच असतं. रोज ऑफिसला निघताना हातात घेते, तेवढ्यात आतून आई विचारतात, "आज भाजी कुठली गं?"

खडा पाकिटात घालायचा राहिलाय.